अमृता पाटील यांच्या चित्रकादंबऱ्या : अद्भुत आणि निवेदक

भारतीय इंग्रजी चित्रकादंबरीच्या विचारात अमृता पाटील यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. पुण्यात १९७९ मध्ये जन्मलेल्या व गोव्यात वाढलेल्या पाटील यांनी गोवा कला महाविद्यालयात आणि पुढे बॉस्टन येथे कलाशिक्षण घेतले. त्यांची पहिली कृती 'कारी' २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ओळखीची मुंबई धुरकट, अर्धस्वप्नवत नगरी होते. आत्महत्येच्या प्रयत्नात गटारात पडून वाचलेली नायिका दिवसा जाहिरातसंस्थेत काम करते आणि रात्री त्याच गटारांची नावाडी बनते. महानगरीय एकाकीपणाच येथे अद्भुताचे रूप घेतो.

'आदिपर्व' (२०१२) व 'सौप्तिक' (२०१६) या कृतींत पाटील महाभारताकडे वळतात. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) अद्भुत बाजूला सारून माणसे शोधली. पाटील अद्भुत कायम ठेवतात आणि निवेदक बदलतात. पहिल्या कृतीत कथा सांगते ती भीष्माची माता गंगा. दुसऱ्या कृतीत, निद्रिस्तांचा वध करणारा शापित अश्वत्थामा. दोघेही कथेत गुंतलेले आहेत. त्यामुळे वाचकालाही तटस्थ राहता येत नाही. 'अमर चित्रकथा'मधील निवेदन मात्र बहुधा निनावी व निःशंक असते. हा भेद केवळ तंत्राचा नसून नैतिक दृष्टीचा आहे.

काही पृष्ठांवर चिंतनपर मजकूर चित्रावर मात करतो, ही या कृतींची मर्यादा होय. तरीही अद्भुत आणि विवेक परस्परविरोधी नाहीत, हे त्या समर्थपणे दाखवतात. पुराणकथा एकाच आवाजात सांगण्याचा आग्रह धरला जातो तेव्हा या अनेकस्वरी निवेदनाचे मोल अधिक जाणवते.