चाचा चौधरी कुठले? प्राण यांचं काम आणि ग्वाल्हेरचे वाचक

आपल्या मंडळात ग्वाल्हेरचे चित्रकार म्हटले की बोलणं बहुधा राजवाड्यातल्या तैलचित्रांवर येऊन थांबतं. कॉमिक्स काढणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. पण या शहरात राहून गेलेल्या ज्या चित्रकाराचं काम देशभर सर्वांत जास्त घरांत पोहोचलं, तो बहुधा प्राणच. प्राणकुमार शर्मा यांचा जन्म १९३८ साली लाहोरजवळच्या कसूर गावी झाला. फाळणीनंतर कुटुंब ग्वाल्हेरला आलं आणि त्यांच्या वाढत्या वयाची काही वर्षं इथे गेली. पुढे राज्यशास्त्रात एम. ए., मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं कलाशिक्षण, आणि १९६० मध्ये दिल्लीच्या 'मिलाप' या वृत्तपत्रात 'डब्बू' ही चित्रपट्टी. सत्तरीच्या आसपास 'लोटपोट' या हिंदी नियतकालिकात चाचा चौधरी आले. नंतर डायमंड कॉमिक्समधून ते गावोगाव पोहोचले. ऑगस्ट २०१४ मध्ये प्राण गेले. २०१५ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

एवढ्यावर 'आमच्या गावचा मोठा माणूस' असं म्हणून फलक लावता येईल. पण मला आधी त्यांचं काम तपासावंसं वाटतं. ते चांगलं होतं का, आणि त्यात ग्वाल्हेर कुठे सापडतं का?

त्या वेळी बाजारात काय होतं ते आठवा. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ आणि मॅण्ड्रेक येत होते. घट्ट कपड्यांतले, पिळदार अंगाचे नायक. प्राण यांनी नायक केला तो टक्कल पडलेला म्हातारा. लाल पगडी, पांढऱ्या मिशा, जॅकेट, खिशात घड्याळ, हातात काठी. त्याची बायको बीनी लाटणं घेऊन दारात उभी. हा माणूस महाराज बाड्यावर भाजी घेताना दिसला असता तर कुणी वळून पाहिलं नसतं. आमची आजी हिंदी अडखळत वाचायची, पण पान उघडलं की म्हणायची, "हे पगडीवाले काका तर आपल्या गल्लीतलेच." यापेक्षा नेमकी समीक्षा मी नंतर कुठे वाचली नाही.

आता चित्रांबद्दल. प्राण यांची रेघ जाड आणि सारख्या वजनाची आहे. रंग सपाट. पार्श्वभूमीला एक भिंत, एक झाड, फार तर एक खिडकी. माणसं बहुतेक डोळ्यांच्या पातळीवरून दिसतात आणि चौकटी शिस्तीत एकापुढे एक येतात. अमर चित्र कथेत राम वाईरकर किंवा प्रताप मुळीक यांनी वस्त्रं, घोडे, महाल यांचं जे रेखाटन केलं, त्याच्या शेजारी हे काम फारच साधं वाटतं. आमच्या बैठकीत चित्रकला शिकवलेल्या एका ज्येष्ठ सभासदांनी स्पष्टच सांगितलं, "याला ड्रॉइंग म्हणायला मी तयार नाही." त्यांचं म्हणणं मी टाकून देत नाही. पुढच्या काळातल्या अंकांत तर तीच मुद्रा, तोच धावण्याचा पवित्रा पुन्हा पुन्हा येतो.

तरी माझं मत वेगळं आहे. जे चित्र किरायाच्या दुकानात, दोरीवर टांगलेल्या, शंभर हातांनी मळलेल्या अंकात वाचलं जाणार, ते मंद उजेडातही एका नजरेत कळायला हवं. प्राण यांची पात्रं नुसत्या बाह्यरेषेवरून ओळखू येतात. बिल्लूच्या डोळ्यांवर केस आहेत, डोळे कधीच दिसत नाहीत, तरी तो खट्याळ आहे हे कळतं. पिंकी आणि तिची खार कुटकुट एका रेघेत उभ्या राहतात. नुकती अक्षरं जोडायला लागलेलं पोर हे अंक वाचू शकत होतं. आमच्यासारख्या घरांत, जिथे मराठी घरात आणि हिंदी शाळेत, तिथे कितीतरी मुलांची हिंदी वाचायची भीती याच अंकांनी घालवली.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो तरुण सभासदांकडून आला. चाचांचा मेंदू संगणकापेक्षा जलद, असा डंका पिटायचा, आणि शेवटी प्रश्न सोडवायचा साबूच्या गुद्द्याने. ही बुद्धीची गोष्ट झाली का? बीनीला लाटण्यापलीकडे काम काय? दोन्ही मुद्दे खरे आहेत. बीनीच्या बाबतीत तर माझ्याकडे बचाव नाही. 'श्रीमतीजी'मध्ये त्यांनी गृहिणीलाच मधोमध आणलं, पण तिथेही विनोद नवरा-बायकोच्या ठरलेल्या कुरबुरींभोवतीच बराचसा फिरतो. साबूबद्दल मात्र थोडं थांबून पाहावं.

साबू गुरू ग्रहावरून आलेला. धिप्पाड, परका, भूक अशी की बीनीने पोळ्यांचा ढीग लावावा आणि तो संपावा. पण त्या घरात 'हा परत कधी जाणार?' असा प्रश्न घराच्या मोडणीतच नाही. तो पाहुणा नाही, आश्रितही नाही, घरचाच आहे. नेसत्या कपड्यांनिशी नव्या गावात आलेल्या कुटुंबातल्या मुलाने मोठेपणी असं घर काढावं, हे मला योगायोगापेक्षा जास्त वाटतं. ही वाचक म्हणून माझी लावणी आहे, चरित्रातली नोंद नव्हे. पण लश्करच्या मराठी वाचकाला ती पटायला जड जाऊ नये. लश्कर म्हणजेच छावणी. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला आणि तळाचं शहर झालं. आपणही इथे बाहेरूनच आलो आणि घरचे झालो.

तिसरी गोष्ट डाकूंची. चाचांच्या कथांत डाकू पदोपदी. त्यातला राका तर औषध पिऊन अमर झालेला. त्याला मारता येत नाही, फक्त कुठेतरी अडकवून ठेवता येतं, आणि तो पुन्हा सुटतो. मुंबई-पुण्याच्या मुलाला ही निव्वळ कल्पना वाटेल. इथल्या वाचकाला तसं वाटत नव्हतं. १९५५ मध्ये मानसिंग मारला गेला, १९५९ मध्ये भिंडकडचा गब्बरसिंग. दर वेळी वाटायचं संपलं, आणि नवं नाव पुढे यायचं. एप्रिल १९७२ मध्ये जौऱ्याला जयप्रकाशजींसमोर बागींनी शस्त्रं ठेवली, त्यानंतरही बीहड शांत झाले नाहीत. मारून न संपणारा डाकू म्हणजे काय, हे चंबळच्या लोकांना राका येण्याआधीच माहीत होतं. प्राण यांनी त्या भीतीला हास्यास्पद मिशा लावल्या आणि साबूच्या एका फटक्यात तिला आकाशात उडवून दिलं. रात्री दाराला दुहेरी कडी घालणाऱ्या घरातल्या पोराला ते हसू किती लागत असेल! इथल्या जुन्या वाचकांशी बोलताना हे वारंवार ऐकू येतं. कथानकं ते विसरलेत, राका आठवतो.

म्हणून माझं मत असं. कौशल्याच्या तराजूत प्राण मधल्या फळीत बसतील. कथांची वीण सैल आहे, पुनरावृत्ती पुष्कळ आहे. पण साध्या माणसाला नायक करणं, परक्याला घरात घेणं आणि भयाला हसण्याजोगं करणं, या तीन गोष्टी त्यांनी इतक्या सातत्याने केल्या की त्यांना किरकोळ म्हणून बाजूला सारता येणार नाही. १९८३ मध्ये 'रमन, हम एक हैं' या त्यांच्या अंकाचं प्रकाशन इंदिरा गांधींनी केलं. एकोप्याची जी गोष्ट तिथे उघड उपदेश म्हणून येते, ती चाचांच्या स्वयंपाकघरात न बोलता आणि जास्त चांगली सांगितली आहे.

कथांत ग्वाल्हेरचा किल्ला नाही, बाडा नाही, एकाही गल्लीचं नाव नाही. ग्वाल्हेर सापडतं ते वाचणाऱ्यांत. आणि नेमका तोच ऐवज आपण घालवत आहोत. किरायाची दुकानं गेली, अंक रद्दीत जात आहेत. कुणाच्या माळ्यावर असे अंक असतील, विशेषतः दुकानाचा शिक्का असलेले किंवा मुलांनी पेन्सिलीने नाव घातलेले, तर कृपया टाकू नका. मंडळाकडे आणा, नाहीतर निदान फोटो काढून पाठवा. सोबत दोन ओळी लिहा: अंक कुठून घेतला, एका दिवसाला किती पैसे पडायचे, आणि घरात आणखी कोण वाचायचं.