वेताळ, ड्रॅक्युला आणि टोनही

‘वेताळपंचविशी’तील वेताळ रक्त पीत नाही, तो कोडी घालतो. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये या कथा इंग्रजीत नेताना त्याला ‘व्हॅम्पायर’ म्हटले आणि एका तर्कनिष्ठ पिशाचाची उगाच बदनामी झाली. ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला (१८९७) मात्र अस्सल रक्तशोषक, आणि परका. तो समुद्रमार्गे इंग्लंडात उतरतो. स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’मध्ये (१९७५) बाधा गावातच पसरते, मेलेला शाळकरी मुलगा सोबत्याच्या खिडकीशी येऊन आत घे म्हणतो. हे कथानक नारायण धारपांनी ‘लुचाई’त मराठीत आणले. शेजाऱ्याविषयीचा संशय येथे खराच ठरतो. भयकथेची सारी रंगत त्या खात्रीवर उभी असते.

रायपूरच्या आसपासच्या खेड्यांत हा संकेत निरुपद्रवी राहत नाही. छत्तीसगडी लोकसमजुतीतील ‘टोनही’ही शेजारीणच असते, जादूटोण्याने माणसाला झिजवणारी. गाव जिच्याकडे बोट दाखवी, ती पुष्कळदा एकाकी विधवा असे. अखेर २००५ मध्ये राज्याला कायदा करून एखादीला टोनही ठरवणे हाच दंडनीय अपराध मानावा लागला. धारप वाचकाला आधी सुळे दाखवतात, मग खुंटी ठोकू देतात. टोनहीच्या बाबतीत सुळ्यांची वाट कोणी पाहिली नाही.