कोयता नावाचा रकाना

मागच्या दिवाळीत बीडमधल्या एका जुन्या प्रोग्रामर काकांच्या घरी बसून मी तीन दिवस एक प्रोग्राम वाचला. चालवला नाही, वाचला. कादंबरी वाचतात तसा, पहिल्या ओळीपासून. ऊसतोडीच्या उचलीचा हिशोब ठेवणारा हा प्रोग्राम काकांनी नव्वदच्या दशकात एका कारखान्याच्या तोडणी-वाहतुकीसाठी फॉक्सप्रोत लिहिला होता.

आज तुमच्यातलं कुणी फ्लटर शिकतं, तसं तेव्हा फॉक्सप्रो शिकत. यूज, सीक, रिप्लेस, ब्राऊज असे चाळीसेक शब्द आले की मराठी माध्यमातला पोरगाही पतसंस्थेचं खातं उभं करायचा. मायक्रोसॉफ्टने १९९२ साली फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी विकत घेतली, २००४ मध्ये नववी आवृत्ती आणली आणि मार्च २००७ मध्ये दहावी येणार नाही असं सांगून टाकलं. स्पॅनिश बोलणाऱ्या प्रोग्रामरांनी तेव्हा सह्यांची मोहीमही चालवली. जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला सपोर्ट संपला. काकांना २००७ ची बातमी दोन वर्षांनी कळली, तीही प्रिंटरची रिबन आणायला गेल्यावर दुकानात.

अशा मरणांवर हळहळीचे लेख पुष्कळ निघतात. मला हळहळीपेक्षा मजकुरात रस होता.

आणि मजकूर चांगला आहे. फॉक्सप्रोच्या तक्त्यात रकान्याचं नाव दहा अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही, त्यामुळे लेखकाला काटकसर करावी लागते. काकांनी रोमन अक्षरांत सरळ बोलीतले शब्द घातले: मुकादम, टोळी, उचल, खाडा, कोयता. आजच्या ॲपांमधल्या 'बेनिफिशियरी'पेक्षा ही भाषा कितीतरी खरी. हा प्रोग्राम लिहिणाऱ्याला टोळी माहीत होती, हे दुसऱ्या पानावरच कळतं.

पण अडखळायला होतं ते कोयत्यापाशीच. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. प्रोग्राममध्ये ते शब्दशः उतरलंय: जोडीला १, एकट्याला ०.५. नाव मात्र एकच, नवऱ्याचं. बाई आजारी पडली की त्या दिवशी १ चं ०.५ होतं आणि खाडा लागतो. चार हजार ओळींच्या त्या मजकुरात बाई दिसते ती एवढीच, वजाबाकीत. सहा महिने फडात मोळ्या बांधणारी, पहाटे कोपीत चूल पेटवणारी बाई अर्ध्या आकड्याएवढी आहे, आणि तोही ती नसताना. बोलीतला खरा शब्द घेतला की त्या शब्दातला अन्यायही सोबत येतो, हे काकांच्या ध्यानात आलं नसावं. माझ्याही आलं नसतं, घाईने वाचलं असतं तर.

तीन वर्षांपूर्वी काकांचं जुनं मशीन बंद पडलं. डॉसवरचा फॉक्सप्रो चौसष्ट-बिट विंडोजवर थेट चालत नाही, म्हणून पुण्याहून आलेल्या पोरांनी माहिती नव्या प्रणालीत नेली. काकांच्या तक्त्यांमध्ये मराठी नावं सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने भरलेली होती, म्हणजे इस्की संकेतात. युनिकोड फॉक्सप्रोला कधी आलाच नाही. नेताना नावांचा चिवडा झाला. आकड्यांना काहीच झालं नाही. कुणाकडे किती उचल बाकी ते पैशासकट बरोबर आलं, फक्त ती कुणाकडे हे वाचता येईना. नव्या तक्त्यात रकाने मात्र जसेच्या तसे घेतलेत, आणि कोयता अजून १ किंवा ०.५ च आहे. प्लॅटफॉर्म मेला, त्यातला समज तगला.

काका आता अठ्ठावन्नचे आहेत. पोरं त्यांना पायथन शिका म्हणतात. ते इस्कीची नावं युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्राम लिहितायत, अर्थात फॉक्सप्रोतच. संकेत त्यांना तोंडपाठ आहेत.

निघताना मी विचारलंच, "काका, बाईच्या नावाचा रकाना का नाही ठेवला?"

त्यांनी छापील कागदांची गठडी उलटीकडून चाळली, जणू तो कुठेतरी असेलच.

"मागितलाच नाही कुणी," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "जागा होती तशी."