'स्टोलन व्हॅलर': अंश भरपूर, पण छेद कुठे आहे?

माझ्या पीएचडीच्या प्रश्नावलीत एक साधा प्रश्न आहे: 'गेल्या हंगामात तुम्ही स्वतः किती वेळा फवारणी केली?' पायलटच्या वेळी एका काकांनी उत्तर दिलं, "लिहा की पंधरा-वीस." शेजारी बसलेल्या काकू लगेच म्हणाल्या, "कसले पंधरा? पंप तर श्रावणापासून बंद पडलाय." सगळे हसले, मीही हसले. रात्री एक्सेलमध्ये आकडा भरताना मात्र हात थांबला. पंधरा भरू, वीस भरू, की काकूंवर विश्वास ठेवू?

ही अडचण गाईडसमोर मांडली तेव्हा सरांनी जे पुस्तक हातात ठेवलं त्याचा शेतीशी काडीचाही संबंध नव्हता. बी. जी. बर्केट आणि ग्लेना व्हिटली यांचं 'स्टोलन व्हॅलर', 1998 सालचं. विषय: व्हिएतनाम युद्धात लढलो असं खोटं सांगणारे, किंवा थोडं लढून बरंच सांगणारे अमेरिकन. सर एवढंच म्हणाले, "यात पद्धत उत्तम आहे आणि निष्कर्ष घसरलेला आहे. नेमका कुठे घसरला ते शोधून ये." ते शोधताना मी जे शिकले ते आज लिहिते आहे. तुमच्यापैकी बरेच जण सिनॉप्सिसच्या तयारीत असतील. प्रश्नावली घेऊन लोकांसमोर बसणार असाल तर हे प्रकरण आधी समजून घ्या.

पुस्तक काय करतं?

बर्केट स्वतः व्हिएतनामला जाऊन आलेले, नंतर टेक्सासमधल्या डॅलसमध्ये शेअर ब्रोकर. 1980 च्या दशकात तिथल्या व्हिएतनाम स्मारकासाठी निधी गोळा करताना त्यांना एक गोष्ट खुपायला लागली. लोकांच्या डोळ्यांसमोर व्हिएतनामचा सैनिक म्हणजे व्यसनी, बेघर, मनाने मोडलेला माणूस. वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर तोच चेहरा. बर्केट यांनी अगदी साधं काम केलं. अशा बातम्यांतली नावं घेतली आणि अमेरिकेच्या माहिती अधिकार कायद्याखाली त्या माणसांच्या लष्करी नोंदी मागवल्या. सेवेच्या तारखा, हुद्दा, नेमणुका, पदकं एवढी माहिती तिथे कोणालाही मागता येते.

नोंदी आल्या आणि कथा कोसळायला लागल्या. जंगलात गुप्त मोहिमा केल्याचं सांगणारा माणूस व्हिएतनामला गेलेलाच नाही. पदकं मिरवणाऱ्याच्या नोंदीत ती पदकं नाहीत. काही जण तर सैन्यातच नव्हते. 1988 साली सीबीएसने दाखवलेल्या 'द वॉल विदिन' या माहितीपटातल्या काही सैनिकांच्या कथाही त्यांच्या नोंदींशी जुळत नाहीत, असं बर्केट दाखवतात.

या भागाला माझा मनापासून सलाम. कारण इथे संशोधनाचा एक मूळ नियम पाळलेला आहे: पुरावा असा शोधा, जो खोटं बोलण्याचं कारण निर्माण होण्याच्या आधी तयार झालेला असेल. माणसाने स्वतः आणून दाखवलेलं सेवामुक्तीचं प्रमाणपत्र चालणार नाही, ते बनावट असू शकतं. कागद थेट अभिलेखागारातून यायला हवा.

याच नियमाचं आणखी जुनं उदाहरण अमेरिकन यादवी युद्धाचं आहे. 1959 च्या डिसेंबरमध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टनला वॉल्टर विल्यम्स वारले, ते त्या युद्धातले शेवटचे सैनिक म्हणून. वय सांगितलं जात होतं 117. पण 1860 च्या जनगणनेत हेच विल्यम्स पाच वर्षांचे आहेत! पाच वर्षांचं पोर 1861 ते 1865 च्या युद्धात काय लढणार? 1932 साली, मंदीच्या काळात, पेन्शनच्या अर्जावर त्यांचं वय वाढलं. पुढे विल्यम मार्व्हल या इतिहासकाराने 1991 साली अशा 'शेवटच्या सैनिकां'ची नावं जुन्या जनगणनांशी ताडून पाहिली आणि बरेच दावे निकालात काढले. 1860 च्या जनगणना कारकुनाला काय माहीत, की सत्तर वर्षांनी या पोराच्या वयावर पेन्शन अवलंबून असणार आहे? त्याला खोटं लिहायचं कारणच नव्हतं. म्हणून त्याच्या आकड्याला वजन.

घसरण कुठे झाली?

इथपर्यंत ठीक. पण बर्केट यांना फक्त काही लबाड पकडायचे नव्हते. त्यांना पुढचं विधान करायचं होतं: युद्धामुळे सैनिकांच्या मनावर झालेल्या आघाताचे, म्हणजे पीटीएसडीचे, जे मोठे आकडे सांगितले जातात ते अशा खोटेपणामुळे फुगलेले आहेत.

इथे थांबा आणि स्वतःला विचारा: नावं कुठून आली होती? बातम्यांतून. ज्यांची कथा संशयास्पद वाटली त्यांच्या नोंदी मागवल्या. संशयितांमध्ये खोटे जास्त सापडणारच. परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्यांची यादी घेऊन 'विद्यार्थी कॉपी करतात' असं म्हणण्यासारखं हे आहे. खोटे किती सापडले हा अंश झाला. एकूण किती जणांपैकी, हा छेद कुठे आहे? पाचशे पानांच्या पुढे जाणाऱ्या पुस्तकात उदाहरणांमागून उदाहरणं येतात, अंश वाढत जातो आणि छेद काही येत नाही. उदाहरणांच्या ढिगाने आपण दबून जातो आणि ढिगालाच प्रमाण समजतो. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना आपणही हेच करतो, खोटं कशाला बोलू? सोयीचे दहा पेपर सापडले की लिहून टाकतो, 'अनेक अभ्यासांनी दाखवलं आहे की...'

मग छेद कोणी शोधला?

दोन अभ्यास सांगते. दोन्हींचा विषय एकच, उत्तरं मात्र उलटी वाटतात.

पहिला 2005 सालचा, 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री'मधला, फ्रू आणि सहकाऱ्यांचा. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात पीटीएसडीच्या उपचारांसाठी आलेले आणि व्हिएतनाममध्ये लढलो असं सांगणारे 100 जण. सगळ्यांच्या नोंदी मागवल्या. 93 जण व्हिएतनामला गेल्याची नोंद मिळाली. पण प्रत्यक्ष लढाईचा कागदोपत्री पुरावा फक्त 41 जणांचा. आणखी एक गोष्ट: व्हिएतनामला गेलेले पण लढाईची नोंद नसलेले जे होते, त्यांच्यापैकी 64 टक्क्यांनी रणांगणावरचे अत्याचार पाहिल्याचं किंवा केल्याचं सांगितलं. लढाईची नोंद असलेल्यांमध्ये हे प्रमाण 28 टक्के होतं. बर्केट यांचं बरोबर, असंच वाटेल.

दुसरा 2006 सालचा, 'सायन्स'मधला, डोरेनवेंड आणि सहकाऱ्यांचा. त्याआधी 1988 साली सुमारे 1200 माजी सैनिकांच्या प्रातिनिधिक नमुन्यावर एक राष्ट्रीय पाहणी झाली होती. तिचा अंदाज होता की 30.9 टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी झाला आणि 15.2 टक्क्यांना पाहणीच्या वेळीही होता. टीकाकार म्हणत, लढाऊ तुकड्यांत होतेच मुळी 15 टक्क्यांच्या आसपास, मग 30.9 आले कुठून? डोरेनवेंड यांनी त्या पाहणीतल्या 260 जणांचं निदान पुन्हा तपासलं आणि धोका मोजण्यासाठी सैनिकाच्या शब्दावर विसंबायचं नाही असं ठरवलं. त्याचं काम कोणतं होतं, तो तिथे असताना त्याच्या तुकडीतले किती जण मारले गेले, अशा नोंदींवरून नवं मोजमाप तयार केलं.

निकाल? खोटेपणा जवळजवळ सापडला नाही. नोंदींनुसार धोका जितका जास्त तितका आजार जास्त, आणि हे नातं आधीपेक्षाही घट्ट निघालं. आकडे मात्र खाली आले: 30.9 चे 18.7 आणि 15.2 चे 9.1. म्हणजे टीकाकारांचं अर्धं खरं ठरलं. आकडा फुगलेला होता, पण लोक खोटं बोलत होते म्हणून नाही. आजार किती गंभीर धरायचा आणि तो युद्धाशी निगडित आहे का, हे निकष काटेकोर केल्यावर तो उतरला.

आता दोन्ही अभ्यास शेजारी ठेवा. एक म्हणतो निम्म्याहून अधिक जणांचा पुरावा नाही, दुसरा म्हणतो खोटेपणा नगण्य. चूक कोणाची? माझ्या मते कोणाचीच नाही. माणसं वेगवेगळ्या दारांतून आली आहेत. पहिल्या अभ्यासात माणूस स्वतः रुग्णालयात आला आहे. तिथल्या निदानावर उपचार आणि दरमहा मिळणारी भरपाई अवलंबून असू शकते. दुसऱ्यात पाहणी करणारा त्याच्याकडे गेला आहे, उत्तरावर पैसा अवलंबून नाही. 41 हा आकडा उचलून सगळ्या माजी सैनिकांना लावणं जितकं चुकीचं, तितकंच 'खोटेपणा नगण्य' हे वाक्य भरपाईच्या रांगेला लावणंही चुकीचं.

कागदही सगळं सांगत नाही

पुस्तकाबद्दलची माझी दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. 'नोंद नाही' आणि 'घडलं नाही' यांतलं अंतर बर्केट यांच्या लेखनात फार पटकन पुसलं जातं.

12 जुलै 1973 रोजी सेंट लुईसच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली. 1960 पूर्वी भूदलातून निवृत्त झालेल्यांच्या सुमारे 80 टक्के फायली गेल्या. दुसऱ्या महायुद्धातला एखादा म्हातारा 'माझी फाईल जळली' म्हणाला तर ते खरं असण्याची शक्यता मोठी आहे. (व्हिएतनामवाला तेच म्हणाला तर मात्र भुवया उंचावा!)

व्हिएतनामच्या फायली बहुतांशी शाबूत आहेत, पण त्यांत काय लिहिलं जायचं? अमेरिकन भूदलात लढाईचा बिल्ला मुख्यतः पायदळाला मिळायचा, आणि वैद्यकीय सैनिकांना त्यांचा वेगळा. रसद घेऊन जाणाऱ्या ट्रकवर हल्ला झाला आणि ड्रायव्हर वाचला, तर त्याच्यासाठी तसा बिल्लाच नव्हता. इतर सैनिकांसाठी वेगळा बिल्ला सुरू झाला 2005 मध्ये, आणि तोही सप्टेंबर 2001 नंतरच्या कामगिरीसाठीच. त्या ड्रायव्हरच्या फाईलमध्ये 'लढाई' सापडणार नाही. त्याला लबाड म्हणायचं? फ्रू यांच्या 100 जणांत असे किती होते, हे नुसत्या फाईलवरून सांगता येत नाही. म्हणूनच डोरेनवेंड यांनी माणसाच्या फाईलसोबत त्याच्या तुकडीत काय घडलं तेही पाहिलं.

शिवाय आठवणीचा प्रश्न आहेच. 1991 च्या आखाती युद्धातून परतलेल्या 59 जणांना साउथविक आणि सहकाऱ्यांनी एक महिन्याने आणि मग दोन वर्षांनी तेच 19 प्रश्न विचारले. 88 टक्के लोकांचं किमान एक उत्तर बदललेलं होतं. ज्यांना त्रास जास्त, त्यांच्या आठवणी काळाबरोबर वाढण्याकडे कल होता. हे सगळे खोटं बोलत होते असं कोण म्हणेल? पुस्तकात मात्र दोनच कप्पे आहेत, खरा आणि लबाड. मधल्या मोठ्या प्रदेशासाठी जागा नाही.

याचं पुढे काय झालं?

पुस्तकाचं नावच पुढे कायद्याला मिळालं. 2005 च्या कायद्याने लष्करी सन्मान मिळाल्याचं खोटं सांगणं हाच गुन्हा ठरवला. कॅलिफोर्नियातल्या एका पाणीपुरवठा मंडळाचा सदस्य, झेवियर अल्वारेझ, याने 2007 मध्ये सर्वोच्च पदक मिळाल्याची थाप मारली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2012 मध्ये 6 विरुद्ध 3 मतांनी कायदाच रद्द झाला. 2013 च्या नव्या कायद्यात शब्द बदलले: पैसा, मालमत्ता किंवा ठोस फायदा मिळवण्यासाठी थाप मारली तरच गुन्हा. बढाई आणि फसवणूक यांत कायद्याने फरक केला, तो पुस्तकाने करायला हवा होता.

आणि हे फक्त 'त्या' लोकांचं आहे असं समजू नका. जोसेफ एलिस हे नावाजलेले इतिहासकार. 2001 सालीच त्यांना पुलित्झर मिळालं आणि त्याच वर्षी 'बोस्टन ग्लोब'ने उघड केलं की वर्गात विद्यार्थ्यांना व्हिएतनामच्या आठवणी सांगणारे एलिस तिथे गेलेलेच नव्हते. त्या काळात ते वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत इतिहास शिकवत होते. कॉलेजने त्यांना वर्षभर बिनपगारी निलंबित केलं. कागदपत्रांतून भूतकाळ तपासणं हा ज्यांचा व्यवसाय, त्यांनी स्वतःची गोष्ट मात्र न तपासता सांगितली.

मग पुस्तक वाचायचं का?

जरूर वाचा. नोंदी कशा मागवायच्या, कथेतल्या कोणत्या गोष्टी पडताळता येतात, हे याच्याइतकं ठसठशीत फार कमी पुस्तकं शिकवतात. फक्त प्रत्येक प्रकरणानंतर समासात लिहा: 'किती जणांपैकी?' आणि प्रत्येक 'नोंद नाही' समोर लिहा: 'नोंद असायला हवी होती का?' दुसऱ्या प्रश्नाला 'हो' आलं तरच पहिल्याकडे वळा.

या प्रश्नांना किंमत आहे. पुस्तकाचा निष्कर्ष तसाच उचलला तर एखादा खरा आजारी माणूस क्लिनिकच्या दारात लबाड ठरतो. माझ्या अभ्यासात निष्काळजीपणा झाला तर एखाद्याच्या हाताला सुटलेला कंप 'अतिशयोक्ती' म्हणून टेबलातून वगळला जाईल.

काकांच्या उत्तराचं काय केलं? आता प्रश्नावलीत दोन रकाने आहेत: त्यांनी सांगितलेला आकडा आणि कृषी केंद्राच्या बिलांवरून निघणारा आकडा. दोन्ही तसेच ठेवते, एकाने दुसरा खोडत नाही. बिल नसेल तर 'बिल नाही' असं लिहिते, शून्य लिहीत नाही. उधारीवर किंवा शेजाऱ्याकडून आणलेल्या औषधाचं बिल नसतं, हेही मला काकूंनीच सांगितलं.