दयासनावर कोण बसते?

मराठी बायबल वाचताना ‘दयासन’ या शब्दापाशी कोणी अडखळत नाही. दया अधिक आसन. सिंहासन, पद्मासन यांच्या पंगतीत तो निमूटपणे बसतो. मोशेने रानात करवून घेतलेल्या कराराच्या कोशावरचे शुद्ध सोन्याचे झाकण, ते हे दयासन. मीही वीसेक वर्षे हा शब्द असाच वाचत आलो. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या वाचनमंडळात बोलताना तर ‘प्राचीन इस्राएलचा देव मूर्तीविना एका रिकाम्या सिंहासनावर बसत असे आणि दयासन हेच ते सिंहासन’ असे वाक्य मी मोठ्या आत्मविश्वासाने टाकले. नंतर चहाच्या वेळी बेने इस्राएल समाजातल्या एक वयस्क बाई जवळ आल्या. म्हणाल्या, “भाऊ, कोश तर पुढे नाहीसा झाला. आसनच गेल्यावर किप्पूरच्या दिवशी मोठा कोहेन आत जाऊन काय करत होता?” मला उत्तर देता आले नाही. कोशाकारांच्या आणि व्याकरणांच्या मदतीने घरबसल्या शिकलेले माझे हिब्रू तोवर या प्रश्नाकडे फिरकलेच नव्हते.

आधी वस्तू पाहू. ‘निर्गम’च्या २५व्या अध्यायात तिचे वर्णन सुताराला आणि सोनाराला सूचना द्याव्यात तसे आहे. बाभळीच्या लाकडाची पेटी, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच, आतून-बाहेरून सोन्याने मढवलेली. कड्यांत घातलेले दांडे, जे कधीही काढायचे नाहीत. पेटीत साक्षपट, म्हणजे आज्ञांच्या पाट्या. वर झाकण, अडीच हात बाय दीड हात. त्याची जाडी मात्र दिलेली नाही. झाकणाच्या दोन टोकांना घडीव सोन्याचे दोन पंखधारी करूब. या झाकणाला हिब्रूत ‘कप्पोरेत’ म्हणतात. या शब्दात दया नाही आणि आसनही नाही.

मग आसन आले कुठून? हिब्रूचे ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी ‘हिलास्टेरिऑन’ हा शब्द योजला. त्याला प्रायश्चित्ताचा, देवाला प्रसन्न करण्याचा वास आहे. लॅटिनमध्ये त्याचे ‘प्रोपिशिएटोरियम’ झाले. इथपर्यंत कोणी बसलेले नाही. सोळाव्या शतकात लूथरने जर्मनमध्ये ‘ग्नाडेनश्टूल’, कृपेची खुर्ची, असा शब्द लिहिला. १५३०मध्ये टिंडेलने त्याच धर्तीवर इंग्रजीत ‘मर्सी सीट’ केले आणि १६११च्या इंग्रजी बायबलने तो शब्द जगभर नेला. आपले ‘दयासन’ त्याच घराण्यातले. शब्द देखणा आहे, हे मी आजही मान्य करतो. पण ती खुर्ची आधी विटेनबर्गला घडली, सीनायला नाही.

लूथर-टिंडेल यांना वेड्यात काढण्याचे मात्र कारण नाही. कोशाचा संबंध सिंहासनाशी खरोखरच आहे. फक्त तो दुसऱ्या ग्रंथांत आहे. ‘शमुवेल’मध्ये आणि स्तोत्रांत देवाला ‘करूबांवर बसणारा’ म्हटले आहे. ही उपाधी इब्री बायबलात सात वेळा येते. १३२वे स्तोत्र आणि ‘इतिहास’ ग्रंथ देवाच्या पादासनाची भाषा करतात. शलमोनाच्या मंदिराचे ‘राजे’ ग्रंथातले वर्णन वाचले की चित्र स्पष्ट होते: जैतुनाच्या लाकडाचे दहा-दहा हात उंच दोन करूब, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पसरलेले त्यांचे पंख, आणि त्या पंखांखाली कोश. हे करूब समोर दालनाकडे तोंड करून उभे होते, असे ‘इतिहास’ सांगतो. बिब्लोस येथे १९२३मध्ये सापडलेली राजा अहिरामची शवपेटी आता बैरूतच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर हीच मांडणी दिसते: राजा सिंहासनावर, बाजूला पंख असलेला स्फिंक्स समोर पाहणारा, राजाचे पाय पायपाटावर. मेनाहेम हारान यांनी १९५९मध्ये याच पुराव्यांच्या आधारे करूब हे सिंहासन आणि कोश हे पादासन, असा सिद्धान्त मांडला. माझ्या व्याख्यानातले वाक्य तिथूनच उचललेले होते.

हारान थोर अभ्यासक. पण ‘निर्गम’मधल्या करूबांच्या तोंडांची दिशा मला आता त्यांच्या सिद्धान्तात बसवता येत नाही. सिंहासनाचे स्फिंक्स बसणाऱ्याबरोबर समोर पाहतात. ‘निर्गम’मधले करूब एकमेकांसमोर तोंड करून आहेत आणि त्यांची दृष्टी झाकणाकडे वळलेली आहे. राजदरबारात सिंहासनाचे सिंह राजाच्या मांडीकडे पाहत बसलेले कोणी पाहिले आहेत काय? ज्याने हे वर्णन लिहिले, त्याला शलमोनी मांडणी ठाऊक नसेल हे संभवत नाही. त्याने ती जाणूनबुजून वळवली असे मला वाटते. आणखी एक गोष्ट. ‘करूबांवर बसणारा’ ही उपाधी मोशेच्या पाच ग्रंथांत एकदाही नाही. तिथे देव कप्पोरेतच्या वर, दोन करूबांच्या मधून ‘भेटतो’ आणि ‘बोलतो’. ‘लेवीय’च्या १६व्या अध्यायात ढगात ‘दिसतो’. बसणे हे क्रियापद या वस्तूबरोबर येत नाही. उलट ‘राजे’ ग्रंथात, जिथे करूब सिंहासनासारखे उभे आहेत, तिथे कप्पोरेत हा शब्द येत नाही.

म्हणजे दोन चित्रे आहेत. एकात देव राजा आहे, दुसऱ्यात तो भेटायला येतो. फॉन राड यांनी १९३१मध्येच कोश आणि दर्शनमंडप यांच्यामागच्या दोन निरनिराळ्या धारणा वेगळ्या केल्या होत्या. आपण मराठीत ‘दयासन’ लिहून दुसऱ्या चित्रावर पहिले डकवले.

मग कप्पोरेत म्हणजे काय? धातू क-प-र. एक मत म्हणते, मूळ अर्थ झाकणे. अरबीतला सगोत्र धातू तिकडे बोट दाखवतो. दुसरे मत म्हणते, पुसणे. अक्कादीत ‘कुप्पुरू’ म्हणजे पुसून शुद्ध करणे. नोहाच्या तारवाला आतून-बाहेरून जे डांबर चोपडायचे, त्याला हिब्रूत ‘कोफेर’ हाच सगोत्र शब्द आहे. खंडणी या अर्थाचाही एक ‘कोफेर’ आहे, पण तो इथे बाजूला ठेवतो. झाकणे की पुसणे, यावर पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. मराठी माणसाला हा वाद थोडा गमतीचा वाटावा, कारण आपल्याकडे ‘सारवणे’ आहे. शेणाने सारवलेली जमीन झाकली गेली की शुद्ध झाली, असे माझ्या आजीला कोणी विचारले असते तर तिने विचारणाऱ्याचेच कपाळ तपासले असते. लेप दिला की दोन्ही झाले. हा भाषाशास्त्रीय पुरावा नव्हे, दोन भाषांचा संबंध जोडण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण एकाच हातवाऱ्यात दोन अर्थ नांदू शकतात, एवढे त्यावरून कळते.

आता ‘लेवीय’चा सोळावा अध्याय या कानांनी ऐका. वर्षातून एकदा प्रमुख याजक पडद्याआड जातो. आधी धुपाचा ढग करतो. त्या ढगाने कप्पोरेत झाकले नाही तर तो मरेल. मग बैलाचे आणि बकऱ्याचे रक्त बोटाने कप्पोरेतवर आणि त्याच्यापुढे शिंपडतो. कशासाठी? सोळावे वचन स्पष्ट सांगते: इस्राएल लोकांच्या अशुद्धतेमुळे त्या पवित्रस्थानासाठी. शुद्धी जागेची आहे. जेकब मिलग्रोम यांनी १९७६च्या एका लेखात याला डोरियन ग्रेच्या चित्राची उपमा दिली. माणसे बाहेर पाप करतात आणि डाग उमटतात आतल्या खोलीत, जिथे कोणी पाहत नाही. ते साचत गेले तर देव तिथे राहणार नाही. म्हणून वर्षातून एकदा सगळ्यात आतली जागा पुसायची. आपण या दिवसाला ‘प्रायश्चित्ताचा दिवस’ म्हणतो, ते चूक नाही. पण त्या शब्दाने लक्ष माणसाच्या मनाकडे जाते आणि पुसले जाणारे सोने डोळ्यांआड होते. कप्पोरेत हे नाव त्या सोन्याला या कामावरून पडले असावे, असे माझे मत झाले आहे.

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर इथे सापडते. बाबेलच्या सैन्याने मंदिरातून काय काय नेले त्याची यादी ‘राजे’च्या शेवटी आहे, तवे-कटोऱ्यांपर्यंत सगळे आहे, कोश नाही. यिर्मया तर म्हणतो की पुढे लोक कोशाची आठवणही काढणार नाहीत आणि तो पुन्हा घडवणार नाहीत. दुसऱ्या मंदिराचे परमपवित्रस्थान मोकळेच होते. इ.स.पू. ६३मध्ये पॉम्पे आत शिरला. तिथे देवाची मूर्ती नव्हती, स्थान रिकामे होते, असे टॅसिटसने नोंदवले आहे. आणि मिश्नाचा ‘योमा’ हा ग्रंथ सांगतो की त्या जागी जमिनीपासून तीन बोटे वर आलेला एक दगड होता, ‘शेतिया’ नावाचा. याजक धुपाटणे त्यावर ठेवी. मग रक्त शिंपडी: एकदा वर, सात वेळा खाली, मोठ्याने मोजत. एक, एक आणि एक, एक आणि दोन. सोने नव्हते, करूब नव्हते. जागा होती आणि हात होता. सिंहासन गेले असते तर दरबार संपला असता. इथे काम चालू राहिले.

इ.स. ७०मध्ये ती जागाही गेली. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएलांकडे ना मंदिर होते ना याजकाचे रक्तविधान; तरी तो दिवस त्यांनी ‘दारफालनीचा सण’, म्हणजे दारे बंद करण्याचा सण, म्हणून पाळला. केहिमकरांच्या इतिहासात त्याची नोंद आहे.

राहिला मराठी शब्दाचा प्रश्न. हा केवळ जुन्या कराराचा मामला नाही. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौलाने येशूसाठी तोच ‘हिलास्टेरिऑन’ शब्द वापरला आहे आणि इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात झाकणासाठीही तोच. मराठीत पहिल्या ठिकाणी प्रायश्चित्त येते, दुसऱ्या ठिकाणी दयासन. दोन्ही एकच, हे मराठी वाचकाला कळायला मार्गच नाही. नवा शब्द घडवण्याची माझी पात्रता नाही. ‘दयासन’ आता लोकांच्या प्रार्थनेत रुजलेले आहे आणि ते उपटावे असेही मी म्हणत नाही. पुढच्या आवृत्तीत पानाखाली दोन ओळींची टीप द्यावी, एवढेच मागणे: मूळ शब्द कप्पोरेत, धातूचा अर्थ झाकणे किंवा पुसणे, बसण्याचा उल्लेख नाही.