डबक्यांतलें मूल आणि छावणींतला निर्वासित

पीटर सिंगर ह्या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञानें १९७१ च्या अखेरीस लिहिलेला आणि १९७२ सालीं प्रसिद्ध झालेला, 'दुष्काळ, सुबत्ता आणि नीति' अशा अर्थाच्या मथळ्याचा इंग्रजी निबंध नीतिशास्त्राच्या वर्गांत आजही वाचला जातो. पूर्व बंगालमधून भारतांत आलेल्या सुमारें ९० लक्ष निर्वासितांचे हाल हें त्याचें निमित्त होय.

उथळ डबक्यांत मूल बुडत असतां कपडे चिखलानें भरतील म्हणून आपण थांबूं काय? नाहीं ना, मग हजारों मैलांवरील मूल मरत असतां थांबण्यास तरी आधार कोणता, असा लेखकाचा सरळ प्रश्न आहे. ब्रिटननें निर्वासितांस दिलेले १,४७,५०,००० पौंड आणि काँकॉर्ड विमानापायीं त्याच ब्रिटनच्या वांट्यास आलेला २७ कोटी ५० लक्ष पौंडांहून अधिक खर्च, हे आंकडे त्यानें शेजारीं शेजारीं मांडले आहेत. भाष्याची गरजच उरत नाहीं.

अंतरामुळें कर्तव्य उणें होत नाहीं, येथें आम्ही निरुत्तर आहों. परंतु खरा घाव पुढें आहे. ज्यास आपण औदार्य म्हणतों तें निव्वळ कर्तव्य होय, न देणारा दोषी होय, असें तो म्हणतो. आपल्या 'दानधर्म' ह्या शब्दांत दान आणि धर्म यांची जोड केव्हांच लागलेली आहे. पण आपण तिचा अर्थ पुण्यसंचय असा करून घेतला आणि वर सत्पात्राची अट घातली! डबक्यांतील मुलास पात्रता कोण विचारतो?

तथापि दृष्टान्त एके ठिकाणीं अपुरा पडतो. मूल कांठावर आणलें कीं काम संपतें. निर्वासितांस अन्नाइतकेंच परतावयास घर हवें होतें. डिसेंबर १९७१ मधील युद्धानंतरच त्यांतील बहुतेक परतले. शिवाय कांठावर कोणी आधींच उभें होतें. १५ नोव्हेंबर १९७१ पासून भारत सरकारनें टपालावर ५ पैशांचा निर्वासित-साहाय्य कर बसविला. त्याचीं तिकिटें नाशिकच्या सरकारी छापखान्यांत छापलीं गेलीं. आमच्या वडिलांच्या जुन्या कागदांत तसें एक पाकीट आहे. पाठविणाराच्या मनांत करुणा होती कीं नव्हती, हा प्रश्नच तेथें उद्भवला नाहीं. सरकारनें काय करावें, हा भाग सिंगरनें फार लौकर आटोपला आहे.

अर्थात् ही उणीव मदत कशी करावी याविषयींची आहे, करावी कीं नाहीं याविषयींची नव्हे. अखेरीस त्यानें अध्यापकांनाही सोडलेलें नाहीं; नुसत्या चर्चेनें भागणार नाहीं, असें तो बजावतो. आमच्या वर्गांत नेमका तो भाग तासाच्या घंटेवर येतो.