ढग तोच, झुडूपही तेच

‘अपुऱ्या साधनांतून मोठे काम’ याचा दाखला म्हणून निन्टेंडो कंपनीच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या व्हिडिओ खेळाचे नाव नेहमी घेतले जाते. १९८५ साली जपानमध्ये आलेला हा खेळ पुढे टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर आपल्याकडच्या मुलांनीही खेळला. हे कौतुक खरे आहे, पण अर्धेच.

आधी साधने पाहू. सारा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला. चित्रे ८ × ८ ठिपक्यांच्या तुकड्यांतून जोडलेली. जागा वाचावी म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांची आकृती एकच ठेवली. फक्त रंग बदलला. ‘गुंबा’ हा शत्रू चालताना दिसतो, तेव्हा एकच चित्र आलटूनपालटून उजवे-डावे केलेले असते. मारिओची टोपी व मिशी १९८१ च्या ‘डाँकी काँग’पासूनची. इतक्या थोड्या ठिपक्यांत केस आणि तोंड रेखाटणे कठीण, हे त्यामागचे कारण आरेखक शिगेरू मियामोतो यांनीच सांगितले आहे. संगीतकार कोजी कोंडो यांनी दोन चौकोनी तरंग, एक त्रिकोणी तरंग आणि एक खरखराट, एवढ्यावरच संगीत उभे केले.

परंतु याच यंत्रावरचे कितीतरी खेळ आज कोणाच्या स्मरणातही नाहीत. काटकसर त्यांनाही करावी लागली होती. मग फरक कशात? येथे चित्र आणि सूर खेळाडूला काही सांगतात. भुयारात खर्जातली तुटक धून व मध्ये शांतता. पाण्यात संथ पोहण्याला साजेसा तीन मात्रांचा ठेका. वेळेचा आकडा १०० च्या खाली गेला की धून जलद होते. आकड्याकडे पाहावेही लागत नाही.

जेथे हे सुटते, तेथे खेळ फसतो. ७-४ या किल्ल्यात वाट चुकली की तोच भाग पुन्हा समोर येतो. पण चूक कुठे झाली, याची खूण ना चित्रात, ना सुरात. खेळाडू शिकत नाही, नुसते अंदाज बांधतो.

आपल्या फळ्यावरच्या आकृतीलाही हीच कसोटी लावावी. ती मोजक्या रेषांत काढली, एवढे पुरेसे नाही. ‘माझे कुठे चुकले?’ याचे उत्तर विद्यार्थ्याला तिच्यातून मिळते का, ते पाहावे.